वेशीवरचा वीर आणि आईची यादी

एका गावाच्या वेशीवर एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. दरवर्षी जत्रेत एका घरच्या मुलानं त्या वीराची गोष्ट सांगायची, असा रिवाज होता. यंदा पाळी आली ती लेकीला घरीच शिकवणाऱ्या एका आईच्या घरावर. शाळा नदीपलीकडे आणि नदीवर पूल नाही, मग करणार काय?

लेक चौकस होती. "आई, हा माणूस गाईंपुढे तलवार घेऊन का उभा आहे गं?" दगडावरचं कोरीव चित्र दाखवत तिनं विचारलं.

आईनं ठरवलं, पोरीला इतिहास अगदी रीतसर शिकवायचा. त्यासाठी आधी पुस्तकांची यादी हवी. आणि इथंच माशी शिंकली!

शास्त्रीबुवा म्हणाले, "अगदी आरंभापासून वाचा." म्हातारा शिलेदार म्हणाला, "लढाया तेवढ्या वाचा, बाकी सगळा भुसा." शेजारीण म्हणाली, "आमच्या पोरानं कपाटभर बखरी संपवल्या. तुमचं कुठवर आलं?" सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! आई सगळ्यांचं लिहून घेई, क्रम लावी, खोडी, पुन्हा लावी. उसन्या पुस्तकांनी फडताळ भरलं. वेशीवरच्या वीराची बखरही त्यात होती, पण यादीत अगदी तळाशी.

"आई, त्या दगडातल्या माणसाचं पुढे काय झालं?"

"त्याला अजून वेळ आहे. आधी हे राजे संपव!"

राजे काही संपेनात. राजाचा मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा पुतण्या. नमनालाच घडाभर तेल! हळूहळू लेकीनं विचारणंच सोडलं. आईला वाटलं, पोर शहाणी झाली.

जत्रा आली. दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला. पाटील म्हणाले, "सांग बाळ, आपला वीर कोण होता?"

"ठाऊक नाही. आमच्या यादीत तो अजून आलेला नाही."

लोक खो खो हसले. आई लेकीला हाताला धरून घरी घेऊन आली. "अगं, फडताळात बखर होती! उघडून बघायला काय झालं होतं?"

"तूच म्हणालीस, अजून वेळ आहे. आणि आता मला त्याच्याबद्दल काही वाटतही नाही."

लोकांचं हसणं आई विसरली असती, पण हे वाक्य तिच्या काळजाला लागलं. तिला स्वतःचाच संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती तळातली बखर काढली, लेकीला घेऊन दगडापाशी बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. वीर होता साधा गुराखी. लुटारू गावच्या गाई हाकून नेत होते, तो एकटा आडवा आला. लेक मातीत रेघोट्या ओढत होती. गुराखी पडला, बखर संपली, तेव्हा तिनं मान वर केली.

"मग गाई परत आल्या का?"

'ते पुढच्या पुस्तकात,' हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं जीभ चावली.

"मलाही ठाऊक नाही गं," ती म्हणाली. "चल, शोधू या."

तात्पर्य: भूक लागली की वाढावं, पंगतीचा क्रम लावत बसणाऱ्याच्या घरी पोर उपाशीच उठतं.