थेंबुला आणि माळेतला मणी

हौसाच्या बाळाला भूक लागली. बाळ रडलं. ट्यँहा, ट्यँहा.

हौसाच्या छातीत होता दुधाचा एक थेंब. इवलासा. त्याचं नाव थेंबुला. बाळाचं रडणं ऐकलं आणि थेंबुला निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

बघतो तर काय, वाटच गेली. काल दार उघडं होतं. आज बंद.

थेंबुला म्हणाला,
"दारा दारा, उघड ना.
बाळ थांबेना,
मला राहवेना."

दार म्हणालं, "मी नाही उघडणार. मणी येऊन ढकलेल, मग उघडेन."

मणी राहतो वर, आईच्या डोक्यात. थेंबुला चढला. गळ्यातून, कानामागून, टुपुक टुपुक. तिथे लोंबत होती लांबच लांब माळ. माळेत अडकला होता मणी. नुसती चुळबुळ चुळबुळ.

थेंबुला म्हणाला,
"मण्या मण्या, ढकल ना.
दार उघडेना,
बाळ थांबेना,
मला राहवेना."

मणी म्हणाला, "मी नाही येणार. मी जन्मलोच माळेत. कात्री कापेल, मग सुटेन."

थेंबुला पळाला. टुपुक टुपुक. कोपऱ्यात कात्री होती. अंगावर खोळ ओढून पडली होती. शेजारी तिची धाकटी बहीण.

थेंबुला म्हणाला,
"कात्री कात्री, काप ना.
मणी सुटेना,
दार उघडेना,
बाळ थांबेना,
मला राहवेना."

कात्री म्हणाली, "मी नाही कापणार. आंबट पाणी येईल, मग खोळ गळेल."

खोळ घातलीस कशाला, थेंबुल्यानं विचारलं.

"शहाणाच आहेस. खोळ नसती तर मी घरभर कापत सुटले असते."

आंबट पाणी ओढतो रहाट. थेंबुला रहाटाकडे पळाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

थेंबुला म्हणाला,
"रहाटा रहाटा, फिर ना.
कात्री कापेना,
मणी सुटेना,
दार उघडेना,
बाळ थांबेना,
मला राहवेना."

रहाट म्हणाला, "मी नाही फिरणार. सकाळपासून उपाशी आहे. आई खाईल, मग फिरेन."

आई कुठे होती? बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ताटलीत डिंकाचा लाडू तसाच. बाळाच्या मावशीनं तो सकाळी दिला, दुपारी दिला, आता परत आणला होता.

थेंबुला आतूनच म्हणाला,
"आई आई, खा ना.
रहाट फिरेना,
कात्री कापेना,
मणी सुटेना,
दार उघडेना,
बाळ थांबेना,
मला राहवेना."

आई म्हणाली, "मी नाही खाणार. बाळ पिईल, मग खाईन."

थेंबुला थांबला. आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नाही.

मग तो हळूच म्हणाला, "आई, बाळ पिणार ते मलाच ना? आणि मी तर अडकलोय तुझ्या घासापाशी."

आई मटकन खाली बसली. मावशीनं ताटली पुढे सरकवली.

"तू आधी, हौसे. मग बाळ."

आईनं लाडू खाल्ला. कुडुम कुडुम.
रहाट फिरला. कुईं कुईं.
आंबट पाणी आलं. झुळझुळ झुळझुळ.
कात्रीची खोळ गळली. सट्‌कन.
कात्रीनं माळ कापली. कच्‌ कच्‌.

मणी सुटला खरा, पण मागे दोऱ्याचं शेपूट राहिलं. कात्रीच्या धाकट्या बहिणीनं ते कुरतडलं. कुटुकुटु, कुटुकुटु. आता झाला मणी गोल गरगरीत.

मणी घरंगळला. गुडुगुडु गुडुगुडु.
मण्यानं दार ढकललं.
दार उघडलं. कर्रर्र.

आणि थेंबुला? थेंबुला धावला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, थेट बाळाच्या तोंडात. त्याच्यामागून त्याची सगळी भावंडं. चुटुक चुटुक, चुटुक चुटुक.

बाळ थांबलं. डोळे मिटले. मूठ उघडली.

आईचं पोट भरलं, बाळाचं पोट भरलं, गोष्टीचंही पोट भरलं. आता बघू तुझं पोट!