लाल गाडी आणि लिंबू

वस्तू आपापसांत बोलत आणि माणसांना त्याचा पत्ताही नसे, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावर जुन्या गाड्या विकायचा एक तळ होता. इंद्रजितने तिथली करडी गाडी चालवून पाहिली. "भरवशाची आहे, पण मजा नाही," असं म्हणून त्याने शेजारची दोनच जणांची, वाऱ्यासारखी पळणारी लाल गाडी पसंत केली.

त्याची बायको रेवती हिने लाल गाडीला हळदकुंकू लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

"लिंबा, मला भीती वाटते," गाडी कुजबुजली. "मला पळता येतं, पण थांबता येईल याची खात्री नाही. माझ्या ब्रेकचं ऑइल गळतंय, आणि पुढे सगळा घाटाचा उतार आहे."

तेवढ्यात एक थेंब लिंबाच्या अंगावर पडला. ते शहारलं. "थांब ताई, मी त्यांना दाखवीन," असं म्हणून ते जीव एकवटून चाकाखालून निघालं आणि घरंगळत इंद्रजितच्या पायाशी गेलं.

"अहो, हे काही बरं लक्षण नाही," रेवती म्हणाली. "ती करडीच घेऊ या का?"

इंद्रजितने लिंबू उचललं. बोटांना तेल लागलं. त्याने वाकून चाकामागे पाहिलं, तर तिथून आणखी एक थेंब टपकत होता. गाडीने श्वास रोखून धरला. मग त्याची नजर तिच्या लालबुंद रंगावरून फिरली.

"काही नाही गं," तो म्हणाला. त्याने लिंबू रुमालाने स्वच्छ पुसलं आणि पुन्हा चाकाखाली ठेवलं.