बगळ्यामागचं आभाळ

संगणक घुरघुरत झोपायचे आणि कुरकुरत उठायचे, त्या काळातली गोष्ट. एका संगणकात एक लांबलचक पुस्तक राहत होतं. हेमलताताई त्यात आपल्या गावच्या तळ्यावरचे पक्षी लिहीत होत्या.

आधी पुस्तक पाण्यासारखं वाहायचं. मग त्यात चित्रं आली आणि ते जड झालं. ताईंनी दाबलेलं अक्षर उमटेपर्यंत त्यांचा डोळा लागायचा. एका दुपारी तर पुस्तक अर्ध्या वाक्यातच थिजलं: ‘बगळा उडाला तेव्हा...’

“तुमच्या ओझ्याने मी मरणार,” पुस्तक चित्रांना म्हणालं.

“माझं कसलं ओझं?” चित्रातला बगळा फणकारला. “ताईंनी माझ्याभोवतीचं सगळं कापून टाकलंय.”

“कापलं नाही, नुसतं झाकलंय,” लुकलुकणारा कर्सर म्हणाला. “पंख उचल बघू.”

बगळ्याने पंख उचलला. खाली घडी घालून सगळं तसंच होतं: तळं, धुकं, अख्खं आभाळ.

“हे टाकून देऊ?” बगळ्याने पंख पुन्हा मिटून घेतला. “घर आहे माझं.”

“टाकू नकोस. शेजारच्या फोल्डरमध्ये ठेव, तिथे ते सुखरूप राहील. इथे फक्त तुझी छोटी प्रत उभी कर.”

बगळा आभाळ घेऊन हळूच फोल्डरमध्ये उतरला. पानावर त्याची इवलीशी प्रत उरली. त्याच्यामागून बाकीचे पक्षीही गेले आणि पुस्तकाने मोठा श्वास घेतला.

ताईंची बोटं झरझर चालली: ‘...तळ्यातलं आभाळ हललं.’

चित्रात आता आभाळ नव्हतं. तरी ती ओळ वाचणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून वर बघायचा.