पडवळासारखी गच्ची

बाजारामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर एक इवलीशी खोली होती. तिथे अबोली, तिची धाकटी बहीण शेवंती आणि त्यांची आई राहायची. आई देवळाबाहेर गजरे विकायची, म्हणून लेकींची नावंही फुलांची. घरात फुलं टोपलीभर असायची, पण पिठाच्या डब्यात हात घातला की तो थेट तळालाच लागायचा.

शेवंतीच्या पायांत बळ नव्हतं. आईने एका जुन्या पाटाला चार चाकं बसवून घेतली होती आणि त्या पाटगाडीवरून बाईसाहेब खोलीभर फिरायच्या. आई बाहेर पडली रे पडली की सुरू, "ताई, आई कधी येणार?"

खोलीबाहेर एक गच्ची होती. गच्ची कसली, पडवळच ते! लांबच लांब आणि अरुंदच अरुंद. तिच्या पार टोकाला गेलं की बाजाराचं वळण दिसायचं. त्याच वळणावरून आई दुपारी रिकामी टोपली घेऊन घरी यायची. शेवंतीला तिथे बसून आईला हात करायचा होता. बस्स, एवढंच हवं होतं तिला. पण ऐन दुपारी गच्ची तव्यासारखी तापायची. ना झाड, ना छप्पर, ना टेकायला जागा.

गच्चीच्या कोपऱ्यात एका फुटक्या बादलीत गोकर्णाचा वेल उगवला होता. अगदी चिमुकला, सुकून गेलेला. चार मजले चढून पाणी आणायचं म्हणजे दम निघायचा, पण अबोली आपल्या पेल्यातलं अर्धं पाणी रोज त्याला घालायची. "पी बाळा," ती म्हणायची, "मला काय, अर्ध्यानेही भागतं."

एका पहाटे त्या वेलाला पहिलं फूल आलं. निळं निळं, मधे पांढरा ठिपका. आणि फुलातून टुणकन उतरली एक परी! करंगळीएवढी, पंख निळे, पंखांवर दवाचे मणी आणि पायांत चांदीचे इवले इवले वाळे.

"अबोली, तुझं अर्धं अर्धं पाणी पिऊन मी मोठी झाले," परी म्हणाली. "आता सांग, काय हवं?"

अबोलीने क्षणाचाही विचार केला नाही. "परीताई, माझ्या शेवूचे पाय बरे कर."

परीचा चेहरा उतरला. "ते माझ्या हातात असतं तर मागायच्या आधी दिलं असतं गं. पण तुझी गच्ची मी सजवू शकते." तिने एक डबी पुढे केली. आत रांगोळी होती, निळी, पिवळी आणि पांढरी. प्रत्येक रंगाची एकेक चिमूट. "एका चिमटीने जे काढशील ते खरं होईल. मात्र ऊन भिंतीवर यायच्या आत काढायचं. आणि तुझ्या वस्तूने कुणाची वाट अडली, तर ती संध्याकाळी विरघळून जाईल. कळलं?"

"कळलं!" अबोली म्हणाली. खरं तर तिला काही कळलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट नाचत होती, झोपाळा!

रांगोळी म्हटलं की पहिला ठिपका मधोमध. आईने तसंच शिकवलं होतं. अबोलीने गच्चीच्या बरोब्बर मधोमध निळ्या चिमटीने छतवाला झोपाळा काढला. छन्न! मोरपंखी गाद्या, झुलत्या झालरी, घुंगरांच्या कड्या! अबोलीने आनंदाने गिरकीच घेतली.

दुपारी शेवंतीची पाटगाडी झोपाळ्यापर्यंत आली आणि अडली. या बाजूला भिंत, त्या बाजूला कठडा. जाणार कुठून?

"असू दे ताई," शेवंती म्हणाली. "किती छान आहे झोपाळा. मी आईला इथूनच हात करते. तिला दिसणार नाही, पण मी करते."

अबोलीला रडू कोसळलं. झोपाळ्यात मग तिचं मनच रमेना. संध्याकाळी तो निळ्या धुरासारखा विरघळला.

दुसऱ्या पहाटे तिने शहाणपणा केला. मध्ये काहीच काढलं नाही. पण रांगोळी दोन्ही बाजूंनी सारखी हवी ना! म्हणून पिवळ्या चिमटीने भिंतीकडे एक आंब्याचं झाड काढलं आणि कठड्याकडे हुबेहूब तसंच दुसरं. कुंड्या अशा गलेलठ्ठ की बघत राहावं. आता दोन लठ्ठोबांमधून गाडी जाईल कशी? चाकं अडकली, झाडंही गेली. उरली फक्त पांढरी चिमूट.

त्याच्या पुढच्या दिवशी शेवंतीचा वाढदिवस होता. आईने तिला ओवाळायचं म्हणून पाटगाडी खोलीत नीट उभी केली आणि तिच्या चारी बाजूंनी नाजूक रांगोळीची महिरप घातली.

"आई, ही मधोमध नाही काढलीस?" अबोलीने विचारलं.

आई हसली. "वेडाबाई! मधे बसणार कोण? पाटाभोवतीची रांगोळी कडेकडेनेच घालायची. मधली जागा आपल्या माणसाची."

अबोली ताडकन उठली आणि टाळ्या पिटत नाचायलाच लागली. आईला काहीच कळेना.

दुसऱ्या पहाटे अबोलीने पाटगाडीची चाकं ओली केली आणि शेवंतीला बसवून गाडी गच्चीच्या टोकापर्यंत नेली. टोकाला गोल वळवून परत आणली. फरशीवर चाकांच्या ओल्या रेघा उमटल्या. "एवढी जागा शेवूची," ती म्हणाली. "हिला हात लावायचा नाही."

मग रेघांच्या बाहेर, भिंतीला चिकटून, तिने एक लांब बारीक बाक काढला. बाकावरती भिंतीला टांगलेल्या कुंड्या काढल्या. गोकर्णाला चढायला भिंतीवरून कठड्यापर्यंत, डोक्यावरून जाणारा हलका मांडव काढला. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरंच, पण सगळं कडेकडेने.

चिमूट संपत आली. आता एकच गोष्ट निघणार होती. गच्चीच्या घराकडच्या कोपऱ्यात स्वतःसाठी छोटासा झोपाळा, नाहीतर टोकाच्या गोल जागेवर सावली. अबोलीने झोपाळ्याच्या कोपऱ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग उरलेल्या रांगोळीने मांडव टोकाच्या गोल जागेवर वाढवला.

झुळ्ळ! वेल सरसर वर चढला. निळ्या फुलांचं छत झालं, कुंड्यांत गुलाबी, केशरी, जांभळी फुलं डुलू लागली आणि फरशीवर गार गार सावलीचे ठिपके नाचू लागले.

परी बाकाच्या काठावर येऊन बसली. "आता हे कधीच विरघळणार नाही, अबोली. आणि हे माझ्याकडून." तिने पंख हलवले, तशा वेलाच्या दोन फांद्या भिंतीलगत खाली आल्या आणि त्यांचा छानसा झोपाळा झाला. अगदी कोपऱ्यात, कुणाच्याही वाटेत न येणारा! अबोली "परीताई!" म्हणेपर्यंत परीभोवती सोनेरी उजेड फुलला, आणि त्या उजेडातच ती नाहीशी झाली. फुलावर एक दवाचा मणी तेवढा चमकत राहिला.

दुपारी खडखड खडखड करत पाटगाडी निघाली. बाकाला घासली नाही, कुंडीला लागली नाही. थेट टोकाला पोचली.

खाली वळणावर आई दिसली. थकलेली, टोपली काखेत.

"आईऽऽ!" शेवंतीने दोन्ही हात उंच केले.

आईने वर पाहिलं. निळ्या फुलांखाली तिची धाकटी लेक होती. आई भर बाजारात टोपली खाली ठेवून उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी परत हात केला.