वाढलेल्या बांगड्या

उंदरांना माणसांची भाषा यायची, पण रीत कळायची नाही, त्या काळची गोष्ट. गुंडाप्पा कासाराच्या दुकानात एक उंदरीण राहायची. बांगडी फुटली तरी गुंडाप्पा 'फुटली' म्हणायचा नाही; "वाढली हो!" म्हणत तुकडे कोपऱ्यात लोटायचा.

उंदरीण हरखून जायची. त्या वाढत्या काचांचा तिने बिळाच्या भिंतीवर राजवाडा जडवला. आत धान्याची कोठारं, दारात हत्ती. दुकानातून उन्हाची तिरीप आली की तो झगमगायचा. भुकेली पिल्लं दाणे मागायची, तर ती म्हणायची, "थोडा दम धरा, वाढतंय सगळं."

एक दिवस रिकाम्या कपाटांकडे बघत गुंडाप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "देवा, आजपासून दुकान वाढवलं."

उंदरीण धावतच बिळात शिरली. "बाळांनो, आता दुकानसुद्धा वाढलं!"

बाहेर दाराला फळ्या लागल्या. राजवाडा विझला.

"मग आई," धाकटं म्हणालं, "अंधार का झाला?"