दुरुस्तीस सक्त मनाई

कुमुदताई केरकरांनी एका जुन्या डिझेल मिनीबसचं फिरतं घर केलं होतं, आणि तिची सगळी दुरुस्ती त्या स्वतःच करत. एके सकाळी ती सोसायटीच्या गेटातच बंद पडली. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. ताईंनी पाना काढला, तोच चेअरमन घारपुरे सुटाबुटात हजर झाले.

"पाटी वाचता येते ना? आवारात दुरुस्तीस सक्त मनाई आहे."

"चुकलंच, साहेब." ताईंनी पाना ठेवला आणि मिनीबसमध्ये जाऊन चहाचं आधण चढवलं.

घारपुरे स्वतःच्या गाडीत बसले, तेव्हा कुठे त्यांना दिसलं की बाहेर पडायची वाटच अडली आहे. टाऊन हॉलमध्ये तर त्यांचाच सत्कार होता.

"बाई, गाडी हलवा."

"दुरुस्तीशिवाय ती हलत नाही. चहा घेता?"

"बरं, करा दुरुस्ती," घारपुरे घाम पुसत म्हणाले.

"छे, नियम मी कशी मोडू? ज्यांनी केला त्यांनीच मोडावा. डिझेलच्या पाइपावरचा तो छोटा हातपंप दाबा, हवा निघून जाईल."

कोट काढून घारपुरे पंप दाबत राहिले, ताईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं.

ताईंनी खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, पाटी मात्र काढू नका. पुढच्या महिन्यात ऑइल बदलायचंय."