धाकूआजाच्या बंदुकीचा दाणा

फार वर्षांपूर्वीची, कुंभवण्याला सडकही नव्हती तेव्हाची गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका, मध्ये चुळबुळ नको.

तेव्हा गावात धाकू गावडे नावाचा म्हातारा शिकारी होता. लहानथोर सगळे त्याला धाकूआजा म्हणायचे. भात पिकायला आलं की रानडुकरं डोंगरावरून उतरायची आणि उभ्या शेताची माती करून जायची. त्यांना आवरायला गावात बंदूक एकच, आजाची ठासणीची. तिच्या नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा तो लोखंडी ठिपका, कधीच झिजून पडली होती. मग आजाने काय करावं? तिथे लाखेने तांदळाचा दाणा चिकटवला! अलीकडच्या खाचेतून तो पांढरा दाणा दिसला तरच बार. नाही दिसला, तर आजा सरळ घरी.

दाणासुद्धा ज्याचं शेत राखायचं त्याच्याच घरचा लागायचा. घरची बाई तो निवडून आजाच्या तळहातावर ठेवायची. असं म्हणतात, तो दाणा जागा असायचा.

एका वर्षी भागीच्या शेतात डुक्कर लागला. भागी विधवा, पदरात सहा वर्षांची तानी, आणि जमीन म्हणाल तर तेवढा एकच तुकडा. अर्धं भात डुकराने खाल्लं होतं. उरलेलं गेलं असतं, तर मायलेकींनी वर्षभर खायचं काय? भागीने घरातला शेवटचा धड दाणा आजाच्या हातावर ठेवला.

त्या संध्याकाळी खोतांचा जावईही बांधावर येऊन बसला. त्याच्या नव्या बंदुकीला बॅटरी बांधलेली. आजाची बंदूक बघून तो हसत सुटला. "आजोबा, तांदळाने नेम धरता, मग जेवता कशाने?"

आजा म्हणाला, "जेवतोही त्यानंच, जावईबापू. म्हणून तर त्याला विचारल्याशिवाय बार काढत नाही."

एवढ्यात एक सर येऊन गेली. बॅटरीने दोनदा मिचमिच केलं आणि ती मेली. जावयाने तिला थापटलं, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. आणि नेमकं तेव्हाच भात हललं. अगदी मधोमध, सळसळ, सळसळ.

आजाने बंदूक उचलली. उजेड अजून होता. जावयाला दाणा दिसत होता, भागीलाही दिसत होता. आजाला मात्र दिसेना.

"मार ना रे आजा!" भागी रडकुंडीला आली. "माझ्या लेकीच्या तोंडचा घास चाललाय!"

आजाने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं आणि बंदूक खाली ठेवली. "दाण्याने डोळा मिटलाय, बाय. मी नाही मारायचा." मग त्याने भाताकडे तोंड करून हाक घातली, "कोण आहे रे तिकडे? आवाज दे!"

भातातून तानीचं डोकं वर आलं. हातात काठी, अंगभर चिखल. "मी आहे, आजा. डुकराला हाकलायला आले होते."

भागी भातात धावली. आपण कोणाला मार म्हणत होतो, ते तिला कळलं. तिने तानीला पोटाशी धरलं, ते घरी जाईपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा डुक्कर आला. असं म्हणतात, दाणा तेव्हा चांदणीसारखा चमकला. एकच बार झाला आणि भागीचं भात वाचलं.

कोणी शहाणे म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली होती, दुसरं काय! म्हणोत बापडे. मग सकाळी कशी आली हो? आजा गेला त्या दिवशी बंदूक भिंतीला टेकवलेली होती. दाण्याला हिरवा कोंब फुटला होता, असं म्हणतात.

आता शिकार बंद झाली, बंदूकही सरकारात जमा झाली. पण कुंभवण्यात आजही डुकराला हाकलताना कोणी आधी दगड भिरकावत नाही. आधी हाक घालतात, "कोण आहे? आवाज द्या!" आणि नवं भात घरात आलं, की प्रत्येक आई पोराच्या कपाळावर कुंकू लावून त्यावर एक दाणा चिकटवते.

ये गं, तुलाही लावते. हलू नकोस. हां, आता भातात लपलीस तरी तू धाकूआजाला दिसशील.